भंगारातल्या यूपीएस-टीव्हीतून काढलेले एमओव्ही परत लाइनवर लावावेत का?

तेरणाकाठ | १९ मे, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. निलंगा तालुक्यातल्या एका गावात माझं टीव्ही-यूपीएस दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआय झाल्यापासून हेच करतो, सतरा वर्षं झाली.

गेल्या गुरुवारी वळीव आला. पाऊस दहा मिनिटं, पण विजा तासभर कडाडत होत्या. शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आत ओट्यावर नऊ सेट टॉप बॉक्स, दोन टीव्ही आणि गावच्या शाळेतल्या कम्प्युटरचे तीन एसएमपीएस, म्हणजे कम्प्युटरला वीज पुरवणारे डबे, येऊन पडले होते. शाळेचे आधी उघडले. पहिल्याच बोर्डावर फ्यूजच्या शेजारी पांढऱ्या अक्षरांत 'झेडएनआर १' छापलेलं, गोल चकतीची आकृती काढलेली, पाय घालायला दोन भोकं पाडलेली, आणि ती भोकं शिशाने बुजलेली. म्हणजे तिथे एमओव्ही (विजेचा झटका अंगावर घेणारी चकती) बसवायची सोय केली होती, पण भाग बसवलाच नव्हता. पुढचा ब्रिज रेक्टिफायर, एसीचं डीसी करणारा भाग, मधोमध फुटलेला. तिन्ही एसएमपीएसमध्ये हेच. त्या रिकाम्या जागेकडे बघून जीव तुटला हो. आठ रुपयांच्या चकतीअभावी शाळेची तीन मशिनं बंद पडली.

आता माझा प्रश्न. दुकानाच्या मागच्या खोलीत चार पोती भंगार आहे. लोकांनी परत न नेलेले यूपीएस, पिक्चर ट्यूबवाले टीव्ही, वॉशिंग मशीनचे बोर्ड, प्रिंटर. परवा दुपारी लाइट नव्हती तेव्हा बसून त्यातून २३ चकत्या काढल्या. फ्यूज आणि ही चकती एका डबीत घालून गावकऱ्यांना स्पाइक गार्ड करून द्यावेत, फक्त मजुरी घ्यावी, असं मनात आहे. मल्टिमीटरवर सगळ्या 'ओपन' दाखवतात, म्हणजे शॉर्ट एकही नाही. हे करावं का? कोणी केलंय का?

नवशिक्या_जालना | १९ मे, रात्री १०.१५

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एमओव्ही नेमकं काय करतो ते कोणी साध्या भाषेत सांगेल का? पुस्तकात एक आलेख आहे आणि दोन ओळी.

गोदाकाठची | १९ मे, रात्री ११.०५

आधी जालन्याच्या मुलाला उत्तर देते, कारण तेरणाकाठ दादांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातूनच निघतं. मी नांदेडला पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळते.

झिंक ऑक्साइडच्या बारीक भुकटीत बिस्मथ ऑक्साइडसारखे थोडे पदार्थ मिसळायचे, दाबून चकती करायची आणि भट्टीत भाजायची. भाजल्यावर आत असंख्य कण एकमेकांना चिकटून बसतात. दोन कणांच्या मधली प्रत्येक सीमा साधारण तीन व्होल्टपर्यंत वीज अडवून धरते, त्याच्या वर गेलं की वाट देते. चकतीच्या जाडीत अशा दीडशेएक सीमा एकापाठोपाठ आल्या की ४७० व्होल्टची चकती तयार होते. म्हणून जाडी ठरवते व्होल्टेज, आणि रुंदी ठरवते किती ॲम्पिअर सोसायचे ते. घरची लाइन २३० ची, तिचं शिखर ३२५ व्होल्ट. तोवर ही चकती जणू तिथे नाहीच. झटका आला की काही नॅनोसेकंदांत तिचा रोध कोसळतो आणि झटक्याचा प्रवाह ती आपल्या अंगावर घेते.

अंगावर घेते, हे नीट लक्षात ठेवा. प्रत्येक मोठ्या झटक्यात प्रवाह सगळ्या चकतीतून सारखा वाहत नाही, काही वाटांनी जास्त वाहतो आणि त्या वाटेवरच्या सीमा कायमच्या बिघडतात. मग ४७० ची चकती ४४० ची होते, पुढे ४०० ची. व्होल्टेज मूळ किमतीच्या दहा टक्के खाली आलं की तिचं आयुष्य संपलं असं धरतात. त्यानंतर साध्या २३० वरही ती थोडी थोडी गळू लागते, गळतीने तापते, तापल्याने आणखी गळते. शेवट धुरात किंवा आगीत होतो.

दादा, मल्टिमीटर रोध मोजताना दोन-तीन व्होल्टच लावतो. तेवढ्यावर निम्मी मेलेली चकतीसुद्धा 'ओपन'च दाखवणार. तुमच्या २३ पैकी किती जिवंत आहेत ते त्याने कळत नाही.

तेरणाकाठ | २० मे, सकाळी ७.३०

ताई, ही गोष्ट मला सतरा वर्षांत कोणी सांगितली नव्हती. मी 'शॉर्ट नाही म्हणजे चांगला' असंच धरून चालत होतो. मग मोजायचं कसं? एक मिलिॲम्पिअरला चारशे-पाचशे व्होल्ट देणारा सप्लाय माझ्याकडे नाही.

रिवायंडिंगवाला | २० मे, सकाळी ९.१०

तेरणाकाठ भाऊ, परभणीहून रामराम. सप्लाय कशाला शोधायलात? कोणत्याबी मोटार रिवायंडिंगच्या दुकानात मेगर असतो, जास्त व्होल्ट लावून रोध मोजणारं मीटर. डिजिटल मेगर १००० व्होल्टच्या रेंजला लावा, चकतीचे दोन पाय त्याच्या क्लिपात धरा आणि समांतर मल्टिमीटर डीसी १००० वर लावा. मेगरमधून निघणारा करंट एक-दीड मिलिॲम्पिअरच्या वर जात नाही, त्यामुळं चकतीला धक्का नाही. ती आपल्या व्होल्टेजवर येऊन थांबते, मीटरवर आकडा दिसतो. मी सबमर्सिबलच्या पॅनलातले असेच तपासायलोय चार-पाच वर्षं झाली. हातानं फिरवायचा जुना ५०० चा मेगर नका घेऊ, ४७० च्या चकतीला तो अपुरा पडतो. आणि हात लांब ठेवा. करंट कमी असला तरी झटका लै जोरात बसतो.

गोदाकाठची | २० मे, सकाळी ९.४०

ही पद्धत चांगली आहे. थोडी भर घालते. चकती उलटी करूनही मोजा. दोन्ही बाजूंचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एकाच दिशेचे झटके खाल्लेली चकती एका बाजूने जास्त घसरलेली असते. दुसरं, मेगर २५० च्या रेंजवर ठेवून रोध बघा. निरोगी ४७० ची चकती तिथे शेकड्यांनी मेगओहम दाखवते. वीस-तीसच दाखवले तर ती गळतेय. आणि बोर्डावरून काढल्या काढल्या मोजू नका. शिसं वितळवताना तिला बरीच आंच लागलेली असते, पूर्ण गार होऊ द्या.

तेरणाकाठ | २० मे, रात्री ८.२०

उद्या निलंग्याला एका ओळखीच्या दुकानात जातो मोजायला. आज तोवर चकत्यांवरची अक्षरं भिंगाखाली वाचून काढली. बहुतेकांवर '४७१ के' आहे. दोन थोड्या लहान, निळ्याच, त्यांवर पण '४७१ के' आणि खाली '१ केव्ही'. तीन काळपट हिरव्या, त्यांवर '५डी-९'. दोनांवर 'एस १४ के २७५'. एकीवर '२०डी २०१ के'. ही मोठी आहे, वीस एमएमची, म्हणजे जास्त ताकदीची. घरच्या मेन बोर्डाजवळ तीच लावावी म्हणतो.

गोदाकाठची | २० मे, रात्री ८.३५

दादा, थांबा. आज काहीही लाइनला जोडू नका. आधी हे वाचा.

'१४डी ४७१ के' यातले १४ म्हणजे चकतीचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट, एक मिलिॲम्पिअर वाहताना. 'के' म्हणजे दहा टक्के इकडे-तिकडे. त्यामुळे तुमच्या मोजणीत ४२३ ते ५१७ मधला आकडा यायला हवा. अशी चकती लाइनवर कायम ३०० व्होल्ट एसीपर्यंत चालते. काही युरोपी कंपन्या उलट लिहितात. 'एस १४ के २७५' मधला २७५ हा थेट लाइनचा एसी व्होल्ट आहे आणि त्या चकतीचं मोजलेलं व्होल्टेज ४३० च्या आसपास येईल. दोन्ही पद्धती एकाच पोत्यात आल्या की घोटाळा होतो.

'४७१ के, १ केव्ही' लिहिलेल्या त्या दोन लहान चकत्या एमओव्ही नाहीतच. ते सिरॅमिक कपॅसिटर आहेत, ४७० पिकोफॅरडचे. कपॅसिटरवर ४७१ म्हणजे पिकोफॅरड. रंग तोच, अक्षरं तीच, काम वेगळं.

काळपट हिरव्या '५डी-९' या एनटीसी आहेत. चालू करताना आत घुसणारा प्रवाह आवरायला त्या लाइनच्या ओळीत, सिरीजमध्ये बसवलेल्या असतात. थंड असताना त्यांचा रोध पाच ओहम. एमओव्ही समजून फेज-न्यूट्रलच्या मध्ये लावली तर हातातच फुटेल.

आणि ती वीस एमएमची '२०१' सगळ्यात धोक्याची. २०० व्होल्टची आहे, म्हणजे १२०-१३० व्होल्टच्या देशातली. आपल्या लाइनचं शिखर ३२५. ती प्रत्येक अर्ध्या आवर्तनात वाहणार. मोठी असल्याने फुटेल तेही मोठ्याने.

दुधनाकाठचा_शेतकरी | २० मे, रात्री ९.३०

ताईंचं शेवटचं वाक्य मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या मेव्हण्यांनी अमेरिकेहून येताना सहा सॉकेटची पट्टी आणली होती, दिसायला दणकट. पिना बदलून सेलूच्या घरी टीव्हीजवळ लावली. बटण दाबलं आणि बंदुकीसारखा आवाज झाला. पट्टीचं प्लास्टिक पिवळं पडून फुगलं, घरभर कडू वास. आई शेजारीच तांदूळ निवडत बसली होती, ताटातल्या तांदळावर काळे कण उडाले. देवाची कृपा म्हणून निभावलं. मला आज कळलं ते कशाने झालं.

तेरणाकाठ | २० मे, रात्री ९.५५

ताई, मी ती वीसवाली उद्या सकाळी मेन बोर्डावर लावणारच होतो. हात जोडतो तुम्हाला.

जुना_वायरमन | २१ मे, पहाटे ५.५०

कळंब तालुक्यात तीस वर्षं वायरमनकी केली. धागा रात्री पूर्ण वाचला. सगळं बोलणं विजेच्या झटक्यावर चाललंय, पण आपल्या भागात उपकरणं जळण्याचं मोठं कारण दुसरंच आहे, आणि त्याला तुमची चकती उपयोगाची नाही. न्यूट्रल तुटणं.

डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, गावात तीन फेज आणि एक न्यूट्रल येते. वाऱ्याने किंवा सैल जोडाने न्यूट्रल तुटली की तिन्ही फेजवरची घरं एकमेकांत अडकतात. ज्या फेजवर भार कमी, त्या घरांत व्होल्टेज चढतं. ३०० होतं, ३५० होतं, वाईटात वाईट ४०० च्या घरात जातं. उरलेल्या घरांत बल्ब मिणमिणतो. हे एका क्षणाचं काम नाही, कोणी जाऊन डीपी पाडेपर्यंत चालतं. एका लग्नघरी मी हे बघितलंय. मांडवातल्या माळा आधी लखलखल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग एकेक करून विझल्या, आणि घरातून फ्रीज जळल्याच्या वासाची आरोळी आली.

अशा वेळी एमओव्ही काय करतो ते तेरणाकाठ भाऊंनी समजून घ्यावं. गावात तुम्ही डबी वाटली आणि उद्या न्यूट्रल तुटली, तर पन्नास घरांत एकाच वेळी पन्नास चकत्या तापतील.

गोदाकाठची | २१ मे, सकाळी ८.१५

काकांनी अगदी मुळावर बोट ठेवलं. आकड्यात सांगते. १४ एमएमची चकती एका क्षणासाठी चार-साडेचार हजार ॲम्पिअरचा झटका सोसू शकते. तो झटका मोजतात ८/२० मायक्रोसेकंदांत, म्हणजे आठ मायक्रोसेकंदांत शिखर आणि विसाव्याला निम्म्यावर. पण तीच चकती सतत किती उष्णता सोसते? अवघा ०.६ वॉट. लाइन ४०० ला गेली की शिखर ५६५ च्या वर जातं. ४७० ची चकती मग दर अर्ध्या आवर्तनात वाहू लागते आणि तिच्यात कित्येक वॉट उष्णता साठते. सेकंदांत ती संपते. नवी कोरी असली तरी संपते. जुनी काय, नवी काय, या बाबतीत फरक नाही.

म्हणून चकतीच्या आधी ओळीत फ्यूज हवाच. त्याच्या जोडीला चकतीला चिकटून थर्मल कटऑफ हवा, चकती तापली की लाइन तोडणारा. नुसता फ्यूज पुरत नाही, कारण अर्धवट गळणारी चकती अर्धा ॲम्पिअर घेऊन लाल होऊ शकते आणि पाच ॲम्पिअरचा फ्यूज तसाच शाबूत राहतो. चांगल्या कंपनीच्या स्पाइक गार्डात चकती आणि कटऑफ एकाच नळीत गुंडाळलेले दिसतात ते यासाठी.

न्यूट्रलच्या संकटावर उपाय म्हणजे व्होल्टेज वाढलं की लाइन तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ. तो रिले असतो, आपोआप पडून लाइन तोडतो. एमओव्ही त्याच्या मागे, त्याला मदतनीस.

बालाघाट | २१ मे, सकाळी ११.२०

अंबाजोगाईहून. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होतो, आता निवृत्त. भंगारात जीडीटी पण सापडतील, म्हणजे गॅस भरलेल्या चिमुकल्या नळ्या. लँडलाइनच्या वायरी एक्सचेंजात येतात तिथे प्रत्येक जोडीला लावलेल्या असायच्या, दोन किंवा तीन पायांच्या. टेलिफोनच्या बहुतेक २३० व्होल्टच्या असतात. तो आकडा बघून कोणी घरच्या २३० च्या लाइनवर लावेल, म्हणून लिहितोय. लावू नका.

जीडीटी पेटली की तिच्यात ठिणगी राहते आणि दोन टोकांमधलं व्होल्टेज दहा-वीसवर येतं. टेलिफोनच्या लाइनला मागे ताकद नसते, त्यामुळे झटका गेला की ठिणगी विझते. घरच्या लाइनमागे अख्खी डीपी उभी असते. ठिणगी चालूच राहणार आणि नळी वितळणार. मेनवर जीडीटी लावायची तर एमओव्हीच्या ओळीत, किंवा न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये, त्या कामासाठी बनवलेलीच. शेतातल्या सीसीटीव्हीच्या बारीक वायरला मात्र अशा काढलेल्या नळ्या मी स्वतः लावल्या आहेत, अर्थिंग ओलं ठेवून. त्या एमओव्हीसारख्या हळूहळू गळत नाहीत. फोडून आत बघायचा मोह टाळा. काही जुन्या नळ्यांत किरणोत्सारी पदार्थ अत्यल्प प्रमाणात असायचा.

रिवायंडिंगवाला | २१ मे, दुपारी १.०५

अर्थिंगचा विषय निघालाच तर बोलतो. आमच्याकडं काळी माती. मे महिन्यात ती हातभर फाटते, अर्थिंगच्या पाइपाभोवती पोकळी पडते. नावाला अर्थ, कामाला काहीच नाही. अशा घरात फेज ते अर्थ चकती लावली आणि ती गळाय लागली, तर घरातल्या कूलरच्या पत्र्याला करंट येतो. उन्हाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी पायानं लेकरू कूलरला हात लावतं. लै वाईट होतं भाऊ. जुनी चकती अर्थला जोडूच नका.

नवशिक्या_जालना | २१ मे, दुपारी २.४०

आमच्या शेतात सोलर पंप आहे, मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतला. त्याच्या कंट्रोलरला बाहेरून अशी चकती लावता येईल का?

गोदाकाठची | २१ मे, दुपारी ३.००

नको. पॅनलकडून येणारी लाइन डीसी असते आणि तिचं व्होल्टेज मोठं असतं. एसीत प्रवाह दर सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीत ती संधीच नाही, शॉर्ट झालेली चकती जळतच राहते. त्यासाठी वेगळे डीसी एसपीडी, म्हणजे झटक्यापासून वाचवणारे डबे, मिळतात. शिवाय पंप वॉरंटीत असेल तर कंट्रोलर उघडूही नकोस.

तेरणाकाठ | २२ मे, रात्री ९.१५

मोजून आलो. निलंग्याच्या त्या दुकानदाराने स्वतःचं काम बाजूला ठेवून दोन तास दिले.

२३ मधल्या तीन एनटीसी आणि दोन कपॅसिटर आधीच बाजूला काढले. '२०१'वाली ठेचून टाकली, पुन्हा कोणाच्या हाती लागू नये म्हणून. एकीची अक्षरं पुसलेली होती, ती पण गेली. उरल्या १६. १४डी ४७१ च्या नऊ होत्या. सहांचे आकडे ४५२ ते ४८१ च्या मध्ये आले, दोन्ही बाजूंनी सारखे. दोन, दोन्ही एकाच यूपीएसमधल्या नव्हे पण दोन्ही यूपीएसमधल्याच, ३९८ आणि ४११. एक विलक्षण निघाली, सरळ धरली तर ४३७, उलटी धरली तर ४०२. ताई म्हणाल्या होत्या तसंच. २५० च्या रेंजवर तिने १८ मेगओहम दाखवले. १०डी च्या पाच होत्या, दोघींच्या पायाजवळ निळं कवच तडकलेलं, मी काढताना पक्कडीने ओढल्याने. उरलेल्या तीन ठीक. 'के २७५'च्या दोन ४२८ आणि ४३३.

२३ तून ११ उरल्या. आणि परवापर्यंत मी सगळ्या २३ चांगल्या धरून चाललो होतो.

या ११ तरी लोकांना द्याव्यात का?

जुना_वायरमन | २२ मे, रात्री ९.४०

तुमच्या स्वतःच्या घरी लावा. दुसऱ्याच्या घरी नको. दुसऱ्याच्या घरात ती डबी कुठे टांगली जाईल ते तुमच्या हातात नाही. गोठ्यात कडब्याच्या गंजीला लागून बोर्ड असतात. लाकडी पट्टीवर सनमायका मारलेले बोर्ड असतात.

गोदाकाठची | २२ मे, रात्री १०.२०

काकांशी सहमत आहे आणि कारणही देते. आज ४६० दाखवणारी चकती आज ठीक आहे, एवढंच मेगर सांगतो. तिने आतापर्यंत किती झटके खाल्ले आणि आणखी किती खाईल ते कोणतंही मीटर सांगत नाही. नव्या चकतीचा इतिहास कोरा असतो, आणि तुम्ही म्हणता तसे तिला आठ रुपये पडतात.

पण तुमच्या पोत्यांत सोनं आहे दादा, फक्त ते चकत्यांत नाही. लाइन फिल्टरचे कॉइल काढा, तांब्याच्या दोन वेटोळ्यांचे. त्यांना झटक्याने म्हातारपण येत नाही. फ्यूज होल्डर काढा. शाळेचे एसएमपीएस पुन्हा बघा, मला खात्री आहे की कॉइलच्या जागी पण नुसत्या तारेचे तुकडे असतील.

आणि झेडएनआरची ती रिकामी जागा भरा, नव्या चकतीने. तिच्याआधी फ्यूज आहे, बाहेर पत्र्याची पेटी आहे, पाय अर्धा सेंटिमीटरचे राहतील. वेगळ्या डबीत लांब वायरीवर लावलेली चकती निम्मं काम करते. एक मीटर वायरचं इंडक्टन्स साधारण एक मायक्रोहेन्री. झटक्याचा प्रवाह मायक्रोसेकंदाला चारशे ॲम्पिअरने वाढत असेल तर त्या वायरीवरच चारशे व्होल्ट जास्तीचे उभे राहतात, आणि ते उपकरणाला सोसावे लागतात.

तेरणाकाठ | २३ मे, सकाळी ६.४५

ताई, रात्रीच उघडून बघितलं. कॉइलच्या जागी तारेचे दोन तुकडेच आहेत. तिन्हीत.

दुधनाकाठचा_शेतकरी | २३ मे, सकाळी ८.००

एक मधेच विचारतो. वीज घरावरच पडली तर यातलं काय टिकतं?

बालाघाट | २३ मे, सकाळी ८.३०

काही नाही. थेट पडलेल्या विजेत तीस हजार ॲम्पिअर सहज असतात. आभाळ काळं झालं की पिना काढा, डिशची वायर टीव्हीच्या मागून काढा, इंटरनेटची पण. दामिनी ॲप मोबाइलवर ठेवा, पुण्याच्या हवामान संस्थेचं आहे, आपल्या आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. आणि माणसं आधी. बांधावरच्या झाडाखाली थांबू नका.

तेरणाकाठ | ८ जून, रात्री १०.०५

धागा वर काढतोय, कारण काय केलं ते सांगायचं राहिलं होतं.

लातूरला गेलो होतो एका कामाने, तिथून नव्या १४डी ४७१ च्या पन्नास चकत्या आणि वीस थर्मल कटऑफ आणले. शाळेच्या तिन्ही एसएमपीएसमध्ये नवा ब्रिज, नवा फ्यूज, झेडएनआरच्या जागी नवी चकती. तारेचे तुकडे उपटून तिथे जुन्या यूपीएस आणि प्रिंटरमधले फिल्टर कॉइल बसवले. एकाची भोकं जुळेनात, पाय वाकवून जुळवली. बोर्डावरच्या पांढऱ्या वर्तुळात निळी चकती बरोब्बर बसली. तिन्ही मशिनं सुरू आहेत.

मोजलेल्या ११ पैकी चार माझ्याच दुकानाच्या टेस्ट बोर्डावर आहेत, पत्र्याच्या पेटीत, फ्यूज आणि कटऑफच्या मागे. दर महिन्याला काढून मोजायच्या असं ठरवलंय, आकडे वहीत तारखेसकट लिहितो. बाकीच्या सात परभणीला पाठवतोय, रिवायंडिंगवाल्या भाऊंनी पोरांना मेगरवर शिकवायला मागितल्यात. शिवाय ती बाद झालेली ४३७-४०२ वाली पण.

डब्या वाटायचा विचार सोडला. त्याऐवजी वायरमन काकांच्या सांगण्यावरून ग्रामपंचायतीला अर्ज लिहून दिला, डीपीवरचा न्यूट्रलचा जोड तपासून घ्यावा म्हणून. जोड सैलच निघाला. लाइनमन आले, त्यांनी नवा लग, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा जोड, मारून घट्ट केला. खाली आल्यावर मला जुना लग दाखवला, एका बाजूने वितळून पातळ झालेला. तो मी मागून घेतला, दुकानात खिळ्याला टांगलाय.

रिवायंडिंगवाला | ८ जून, रात्री १०.३०

भाऊ, चकत्या पाठवताना प्रत्येकीला चिठ्ठी बांधा, कोणत्या मशीनमधून निघाली ते लिहून. पोरं विचारायलेत, यूपीएसवाल्याच जास्त का घसरल्या म्हणून.

तेरणाकाठ | ८ जून, रात्री १०.४५

बांधतो. दोन्ही यूपीएस गिरणीच्या फेजवरच्या घरांतले होते, तेवढं पक्कं आठवतंय. गिरणी चालू-बंद होताना तिथे बल्ब उडी मारायचा. चिठ्ठीवर तेही लिहितो.